रेजिनाचा दगड

रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२२च्या सुमारास उत्तर ब्रिटनमध्ये सुमारे ११७ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. साम्राज्याची ही हद्द. पण तिथले दगड वाचत गेलं, की हद्दीवर कुठून कुठून माणसं आली होती ते कळतं.

भिंतीच्या पूर्व टोकाकडे, साउथ शील्ड्सच्या किल्ल्यापाशी १८७८मध्ये थडग्याचा एक दगड सापडला. त्यावर एक बाई खुर्चीत बसलीय, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा फुटलेला. लॅटिन मजकूर सांगतो : ही रेजिना, दक्षिण ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची, वय ३०. दगड उभारणारा बाराटेस, सीरियातल्या पाल्मिराचा. आधी ती त्याची गुलाम होती. त्याने तिला मुक्त केलं, मग ती त्याची बायको झाली.

लॅटिनमध्ये व्याकरणाच्या चुका आहेत. खाली मात्र सफाईदार पाल्मिरी लिपीत एक ओळ : रेजिना, बाराटेसची मुक्त दासी, हाय! दिवसभर इंग्रजीत कोड आणि ईमेल लिहिणाऱ्या मला हे लगेच पटतं. रडायला आपलीच भाषा लागते.

तरी एक गोष्ट टोचते. बाराटेसला दगडावर दोन भाषा मिळाल्या. रेजिनाची भाषा तिथे कुठेच नाही. लग्नाला तिला नाही म्हणता आलं असतं का, हेही दगड सांगत नाही. तिचं नावसुद्धा लॅटिनच. त्याचा अर्थ राणी.