दोन हजेरीपट

वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा ज्ञातीच्या मूळ गावांविषयी लिहावे, असे प्रथम आमच्या मनात आले. तथापि आपल्या जिल्ह्यातील अनेक गरीब कुटुंबांना ज्या एका गोष्टीने आधार दिला, ती नव्या पिढीच्या विस्मरणात जात आहे. तिचाच इतिहास सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटले. ती गोष्ट म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना होय.

अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, हा बहुतांशी पर्जन्यछायेचा मुलूख. उत्तरेस प्रवरेचे व गोदावरीचे कालवे आहेत. परंतु पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांचे जीवन आभाळाकडे पाहतच चालत आले. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम त्याच वेळी दुष्काळी मजुरांच्या हातून झाले. परंतु त्या वेळचे धोरण कठोर होते. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी घटविण्यात आली. जो खरोखर उपाशी असेल तो दूरच्या कामावरही येईल, असे मानून लोकांना गावापासून लांबच्या कामांवर धाडण्यात येऊ लागले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठविला. घर सोडून जाणे हीच गरजेची कसोटी ठरली होती. त्या घरातील लेकरांचे काय होईल, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१९७२ साली आम्ही इयत्ता पाचवीत होतो. पावसाने पाठ फिरविली होती. आमचे वडील व मातोश्री पाझर तलावाच्या कामावर जात. शाळा सुटली की आम्हीही तेथे धाव घेत असू, कारण तेथे सुकडी मिळे. ओंजळीत घेऊन खाल्लेल्या त्या सुकडीची चव आजही जिभेवर आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. काम गावाशेजारी होते, म्हणून आमची शाळा सुटली नाही. आईचे नाव कामाच्या मस्टरवर आणि मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर, या दोहोंचा संबंध मात्र पुढे आम्ही शिक्षक झालो तेव्हाच ध्यानी आला.

ती दुष्काळी कामे होती, हमी नव्हे. दुष्काळ सरला की ती बंद होत. जो काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, हा विचार वि. स. पागे यांनी मांडला. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये आपल्या तासगाव तालुक्यात त्यांनी त्याचा प्रयोग करविला, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्याची योजना आकारास आली. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होताच. १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि त्या उत्पन्नाइतकीच रक्कम सरकारने घालावयाची असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या चुलीची काळजी वाहावी, अशी ही व्यवस्था होती. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला. पुरुषास व स्त्रीस कामाचा दर एकच ठेवला गेला. पुढे देशाने २००५ साली केलेल्या रोजगार हमी कायद्यात गावापासून ५ किलोमीटरच्या आत काम देण्याची आणि कामावर लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद होती. १८७७ च्या कसोटीला मिळालेले हे उत्तरच होय.

परंतु कागद आणि बांध यांत अंतर असते. मजुरी महिना-महिना थकल्याचे आम्ही पाहिले आहे. जेथे काम वेळेवर निघाले नाही, तेथे मुकादमाची उचल घरात आली आणि नवरा-बायकोचा ‘कोयता’ दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याच्या वाटेस लागला. त्यांच्यामागून लेकरेही गेली. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा असाच गेला. चैत्राच्या सुमारास परतला तो वर्गात न येता दारात उभा राहिला; कारण दीर्घ गैरहजेरीमुळे त्याचे नाव आम्हीच लाल शाईने कमी केले होते. नियम पाळला, पण मूल गमावले. तो पुन्हा शाळेत बसला नाही. ही खंत आम्ही निवृत्तीनंतरही बाळगून आहोत.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तेथे पाणी अडविण्याच्या व जिरविण्याच्या कामांसाठी रोजगार हमीचा उपयोग करून घेण्यात आला, विहिरींना पाणी आले आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. खोदलेली माती वाया गेली नाही. तिने गाव धरून ठेवले.

सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना काढली, तीत आईबाप बाहेर असता मुलांनी गावीच राहून शिकावे हा हेतू आहे. परंतु अशी योजना कानावर येईपर्यंत कित्येकदा बैलगाडी गावाबाहेर पडलेली असते.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. आपल्यातील जी कुटुंबे यंदा तोडीस जाणार असतील, त्यांची यादी मंडळाने दसऱ्यापूर्वीच करावी. गावातील काम मागण्याचा अर्ज त्यांना कोणीतरी लिहून द्यावा. वसतिगृहाची सोय नसेल तेथे आपल्यापैकी एकाने एक मूल सहा महिने आपल्या घरी ठेवून घ्यावे. आमच्या घरी एका मुलाची पथारी तयार आहे. मंडळाने नाव कळवावे.