पायी पोचणारं घर

पुण्यात घर शोधणारा माणूस आधी किंमत विचारतो, मग पार्किंग. पाणी किती वेळ येतं, हा तिसरा प्रश्न. वाणी, दवाखाना, शाळा आणि बसथांबा चालत किती मिनिटांवर आहेत, हे क्वचितच कुणी विचारतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे विचारावंच लागत नसे. पायी पोचता येणार नाही अशी वस्ती तेव्हा कुणी वसवलीच नसती.

मुठेच्या काठचा कसबा हे आपलं मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच, आणि थोरला व धाकटा शेख सल्ला हे दर्गेही इथलेच. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी ही नावं म्हणजे त्या काळचे पत्तेच होते. तांब्याची कळशी हवी असेल तर ठोक्यांच्या आवाजाच्या दिशेनं चालत जायचं!

कसब्याभोवती पेठा वाढल्या. पेठ वसवायची तर सरकार एखाद्या शेट्याला कौल देई, काही वर्षं कर माफ करी. मग तो व्यापारी, कारागीर आणून बसवी. त्यामुळे राहणं, कमावणं आणि विकत घेणं एकाच गल्लीत होई. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आज वारांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेठांची जुनी नावं वेगळी होती. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. बुधवार पेठेचं नाव मुहियाबाद. अठराव्या शतकाच्या आरंभी औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात असताना वारलेल्या त्याच्या नातवावरून ते पडलं. पेशवाईत नावं बदलली, पण चालणाऱ्याच्या मापाच्या गल्ल्या तशाच राहिल्या.

१७३० साली शनिवारवाड्याचं बांधकाम सुरू झालं आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. वस्ती वाढली, तसं नदीचं पाणी पुरेना. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणलं आणि ते पेठापेठांतल्या हौदांत सोडलं. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या दृष्टीनं शहराचं अंतर या हौदांनीच ठरवलं. पुढे १८८६ मध्ये मंडई बांधली गेली. शनिवारवाड्यापासून मंडई चालत जेमतेम पंधरा मिनिटं. मधल्या वाटेवर आप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, तुळशीबागेतली भांडी, बोहरी आळीतलं लोखंडी सामान. एवढं सगळं एका फेरीत!

पण या जुन्या पुण्याच्या आठवणीनं फार हळवं होऊन चालणार नाही. पेठा पायी चालण्याजोग्या होत्या, पण सगळ्यांच्या पायांसाठी नव्हत्या. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलं आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेकडे चालत निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. शाळा जवळ होती. रस्ताच अवघड केलेला होता. त्यानंतर वीस वर्षांनी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी पाच पावलांवर असणं वेगळं आणि ते भरू दिलं जाणं वेगळं, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग हे पायी शहर पांगलं कसं? १८९७ च्या प्लेगनं दाट वस्तीची धास्ती घातली. नदीपलीकडची मोकळी जागा लोकांना खुणावू लागली. तिथे डेक्कन जिमखान्यासारख्या बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले हजारो संसार उघड्यावर आले. पूरग्रस्तांसाठी गावाबाहेर नव्या वसाहती झाल्या. तरीही पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. घर लांब गेलं तरी पायडल मारलं की पोचता येई. १९७२ च्या सुमारास लूना आणि चेतक आल्या, त्यांनी अंतर आणखी स्वस्त केलं. अंतर स्वस्त झालं की माणसं लांब राहायला जातात आणि दुकानं, शाळाही मागोमाग लांब पळतात. १९९७, २०१७ आणि २०२१ साली आजूबाजूची गावं महापालिकेत आली. हद्द आधी वाढली. पदपथ आणि बस मागून आले, काही ठिकाणी आलेच नाहीत. मग गाडी ही चैन राहत नाही, दूध आणायलाही ती लागते.

याची झळ कुणाला बसते? ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना. म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, आणि धुण्याभांड्याची चार घरं गाठणाऱ्या बाया. सत्तरीतल्या माणसाला रस्ता ओलांडता येईना, की त्याचं शहर सोसायटीच्या फाटकाशी संपतं.

महापालिकेनं २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण आखलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा आणि मंडईखालून मेट्रो धावू लागली, त्यामुळे पेठेत गाडीशिवाय येणं सोपं झालं. मात्र एक दिवस रस्ता मोकळा मिळाला म्हणून वर्षभराचं चालणं सोपं होत नाही.

तेव्हा घर बघायला जाल तर दुपारी गाडीतून जाऊ नका. संध्याकाळी सहाला, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा हात धरून, पायी जा. दूध, औषध आणि बसथांबा दहा मिनिटांत लागतात का, पदपथ दुकानांनी आणि दुचाक्यांनी खाल्लेला नाही ना, रात्री दिवे असतात का, ते पाहा.

आणि एक गोष्ट. अशी चालण्याजोगी जागा सापडली, तरी घरमालक भाडं सांगण्याआधी नाव विचारतो. माझं नाव ऐकून, कालच जागा गेली हो, असं मला एकाहून अधिक दारांत सांगितलं गेलं आहे. बोलणं गोड असतं, चहाही विचारतात. पण गणपती आणि शेख सल्ला ज्या कसब्यात इतकी शतकं शेजारी आहेत, त्या शहराला हे शोभत नाही. पदपथ रुंद करणं महापालिकेचं काम आहे. दार उघडणं मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे.