सांगलीआधीचा यू

पायथॉन या संगणकभाषेतल्या जुन्या प्रोग्राममध्ये ‘सांगली’ किंवा ‘सातारा’ लिहिलेले असले, की अवतरणचिन्हाला डावीकडून चिकटलेला एक रोमन यू दिसतो.

हा यू म्हणजे युनिकोडची खूण; तो २००० साली भाषेत आला. त्याआधी पायथॉनला मजकूर म्हणजे बाइटांची रांग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून ‘सांगली’ची लांबी १८ भरे. यू लावला की ६: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. यू राहून गेला आणि दोन तऱ्हांचे मजकूर जोडले गेले, तर पायथॉन बाइटांना आस्की समजे आणि प्रोग्राम तिथेच बंद पडे. आस्कीत १२८ चिन्हे, त्यांत देवनागरीचे एकही नाही. इंग्रजी मजकुराला ही चूक बाधत नसे, म्हणून ती कितीतरी पॅकेजांत दडून राहिली. मराठी मजकूर घातला की लगेच उघडी पडे.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.० ने सगळा मजकूर मुळातच युनिकोड मानला आणि यू काढून टाकला. तत्त्वाला धरून योग्यच. पण पॅकेज सांभाळणाऱ्यांची कोंडी झाली. प्रोग्रामला दहा पॅकेजे लागत असतील, तर एक मागे राहिले तरी उरलेली नऊ अडतात. एकच फाइल पायथॉन २ आणि ३ दोन्हींत चालवावी, तर नव्या आवृत्तीला यू ही व्याकरणाचीच चूक. मग कोणी ‘सिक्स’ नावाचे दुवा साधणारे पॅकेज वापरी. दोन त्रिक सहा, म्हणून ते नाव. अखेर ‘फ्लास्क’ या पॅकेजचे कर्ते आर्मिन रोनाखर यांच्या प्रस्तावामुळे सप्टेंबर २०१२ च्या ३.३ मध्ये यू परत आला. त्याला आता काही काम नव्हते, फक्त मज्जाव उठला होता. या साऱ्या स्थित्यंतरातला हा मला सर्वांत समंजस निर्णय वाटतो.

मराठीत असे स्थित्यंतर आधी छापखान्याने पाहिले होते. औंध संस्थानात १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ‘अ’ची बाराखडी स्वीकारली. इ, उ, ए यांचे वेगळे खिळे नकोत, हा हिशेब. वाचक ‘इतिहास’ही वाचत आणि ‘अितिहास’ही. युनिकोडला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा हाती लागत नाही.

१ जानेवारी २०२० ला पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल संपली. आता यू न लावताही ‘सांगली’ ६ भरते, ‘सातारा’ही ६. बोटांवर मोजणारे पोर मात्र तीनच मोजते: सां, ग, ली.