मोत्याचे पाणी

विद्यार्थ्याची वही तपासताना अक्षर सुबक दिसले, की 'अक्षर मोत्यासारखे आहे' असा शेरा आपण शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. हिऱ्यासारखे किंवा सोन्यासारखे अक्षर असे कोणी म्हणत नाही. सन १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, तेव्हा ती वार्ता दक्षिणेत आणणाऱ्या सावकारी पत्रातही त्या दोघांचा उल्लेख मोती म्हणूनच झाला. जे अतिशय मोलाचे आहे आणि एकदा गेले असता परत मिळत नाही, त्याला मराठी भाषा मोती म्हणते. या उपमेत केवळ काव्य नाही, वस्तुज्ञानही आहे. हिरा हजार वर्षे पेटीत पडून राहिला तरी हिराच राहतो. मोत्याचे तसे नाही. मोत्याला आयुष्य आहे, आणि ते आयुष्य बहुतांशी सांभाळणाऱ्याच्या हाती असते.

मोत्याच्या उत्पत्तीविषयी प्राचीनांनी नाना कल्पना केल्या. वराहमिहिराने बृहत्संहितेत शिंपल्याखेरीज हत्ती, सर्प, मेघ, वेळू यांपासूनही मोती होतात असे सांगितले आहे. स्वाती नक्षत्रातील थेंबाची कथा तर सर्वश्रुतच आहे. वस्तुस्थिती याहून साधी, पण कमी आश्चर्यकारक नाही. कालवाच्या अंगात एखादा परका जीव शिरला अथवा त्याच्या कोवळ्या आवरणाला इजा झाली, म्हणजे तो त्या जागेभोवती पापुद्र्यावर पापुद्रा चढवीत जातो. हे पापुद्रे चुन्याच्या सूक्ष्म स्फटिकांचे असून त्यांना सांधणारे एक सेंद्रिय द्रव्य आणि किंचित पाणी त्यांत असते. या असंख्य पातळ थरांतून प्रकाश परतताना जी आर्द्र झळाळी दिसते, तिलाच आपले जव्हेरी 'मोत्याचे पाणी' म्हणतात. मोत्याचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य या एकाच रचनेत आहे. चुना असल्यामुळे आंबट पदार्थाने तो विरघळतो. सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे उष्णता आणि अतिकोरडेपणा त्याला मानवत नाही. मृदू असल्यामुळे शेजारच्या माणकाचाही ओरखडा त्याला बसतो.

आपल्या घरांतील जुने मोती बहुधा 'बसराई' म्हणून ओळखले जातात. ते इराणच्या आखातात, विशेषतः बहरीनच्या परिसरात, पाणबुडे काढीत, आणि बसरा बंदराचे नाव त्यांना चिकटले. तेथून मोठा माल मुंबईस येई. तेथे त्याची प्रतवारी होई, त्याला भोके पडत, आणि तो सरांत ओवून देशोदेशी जाई. मोत्याची किंमत साध्या तोलाने होत नसे. वजनाच्या वर्गावर आधारलेली 'चव' काढण्याची रीत होती. म्हणजे त्याच प्रतीचा मोती वजनाने दुप्पट भरला, तर मोल चौपट होई. जव्हेऱ्याच्या गादीवरचे हे गणित वर्गातल्या मुलांनाही सांगण्यासारखे आहे.

या व्यापाराचे वैभव पाहावयाचे तर ते गायकवाडी बडोद्यात. सन १८५६ ते १८७० या काळात राज्य केलेल्या खंडेराव महाराजांना रत्नांचा विलक्षण शोक होता. सुमारे १८६५ मध्ये त्यांनी मोत्यांचा एक गालिचा करविला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर पंधरा ते वीस लाख लहान बसराई मोती जडवून केलेला हा गालिचा मदिनेतील पैगंबरांच्या कबरीसाठी योजिला होता, अशी परंपरा आहे. महाराज १८७० मध्ये निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२–०३ मधील दिल्लीच्या प्रदर्शनात तो लोकांनी डोळे भरून पाहिला. गायकवाडांचा सातपदरी मोत्यांचा हारही असाच प्रसिद्ध होता.

मोत्याच्या मोलाचा कळस याच सुमारास झाला. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एक प्रासादतुल्य घर कार्टिए या जव्हेऱ्यांनी दुपदरी मोत्यांचा एक हार आणि शंभर डॉलर देऊन घेतले. परंतु जपानात कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्येच कालवाकडून अर्धगोल मोती तयार करवून घेतले होते. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोती १९२० नंतर बाजारात येऊ लागले. त्यातच जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये बहरीनला तेल सापडले आणि पाणबुडे तिकडे वळले. बसराई मोत्याचा व्यापार पाहता पाहता ओसरला. बडोद्याचा खजिनाही पांगला. गालिचा महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोस गेला आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. सातपदरी हारातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना गेला. म्हणजे मोत्याचे आकर्षण संपले नाही. आपल्याजवळचे मोती मात्र गेले.

मग आपल्याजवळ काय उरले? उरली ती आजीची नथ, आईचा तन्मणी, एखादी चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या. राजवाड्यातील गालिचा आणि दांडिया बाजारातील एखाद्या कारकुनाच्या घरची नथ यांतील मोती एकाच आखातातून आलेले. नथ अजून नाकात आहे, ती बायकांनी सांभाळली म्हणून. याचा धडा मला फार उशिरा मिळाला. आईच्या पश्चात तिचा तन्मणी मी बँकेच्या तिजोरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, बारा वर्षे ठेवला. मुलीच्या लग्नात तो काढला तेव्हा मोती पिवळट पडले होते, आणि गळ्यात घालताक्षणी कुजलेला दोरा तुटून सर ओघळला. ते उजळावेत म्हणून मी घरातील तांब्याच्या भांड्यांप्रमाणे चिंच लावण्यास सांगितले, आणि होते तेवढेही पाणी घालवून बसलो. त्याच वेळी माझ्या मावशीची नथ, जी तिने सणावारी नेमाने वापरली, ती सतेज होती.

ज्या वृद्ध पटवेकऱ्याकडे तो तन्मणी मी पुन्हा गाठवण्यास नेला, त्याने मला दोष दिला नाही, फक्त विचारले, "मास्तर, आई असताना हा दरसाल माझ्याकडे येत होता. नंतर का नाही आला?" या प्रश्नात सारे आले. अंगावर घातल्याने मोती जगतो असे बायका म्हणत. अंगाच्या स्पर्शात काही जादू नव्हे. पण जो दागिना वापरात असतो तो हाताळला जातो, पुसला जातो, त्याचा दोरा वेळेवर बदलला जातो, त्याला मोकळी हवा मिळते. वापर हेच निगेचे निमित्त होते.

ही निग कठीण नाही. अत्तर, तेल, पावडर सर्व आटोपल्यावर मोती शेवटी घालावेत आणि घरी येताच प्रथम उतरावेत. मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावेत. घाम आणि अत्तर त्यांवर राहू देऊ नये. लिंबू, चिंच, सोडा, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. सोन्याच्या व खड्यांच्या दागिन्यांत न मिसळता मलमलीच्या पिशवीत, आडवे ठेवावेत. टांगल्यास दोरा ताणतो. तिजोरीत ठेवणे भागच असेल तर वर्षातून एकदोनदा बाहेर काढावेत. दोरा सैल दिसताच पटवेकऱ्याकडे जावे. एकदा उतरलेले पाणी कोणी परत चढवू शकत नाही, हे ध्यानी ठेवावे.

पटवेकऱ्याची दुकाने आता आपल्या पेठांतून विरळ होत चालली आहेत. त्यांच्याबरोबर गाठवणे, चव, आब हे शब्दही जातील. बडोद्याचा गालिचा आपण परत आणू शकत नाही. पण आपल्या वर्गातील मुलींनी आपल्या आजीला 'ही नथ कोणी गाठली, कशी पुसतेस?' एवढे विचारून लिहून आणले, तर एक विद्या वहीत तरी उतरेल. आणि त्या वहीवर आपला तो जुना शेरा देताना आपल्यालाही त्याचा अर्थ अधिक कळेल.