विद्यापीठीय विद्यार्थी समुपदेशक

विद्यापीठीय विद्यार्थी समुपदेशक म्हणजे विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भावनिक, मानसिक व समायोजनाच्या अडचणींत साहाय्य करणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या कार्यक्षेत्रांच्या सीमेवर हे काम चालते. समुपदेशक औषधे लिहून देत नाही, गुण देत नाही आणि शिस्तभंगाची कारवाईही करत नाही. विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट त्या खोलीबाहेर जाणार नाही, हा विश्वास हेच त्याच्या कामाचे मुख्य साधन असते. त्याची नेमणूक मात्र संस्थाच करते आणि वेतनही तीच देते. त्यामुळे विद्यार्थ्याविषयीची निष्ठा व संस्थेविषयीचे उत्तरदायित्व यांचा मेळ घालणे हा या व्यवसायातील मध्यवर्ती प्रश्न मानला जातो.

संज्ञा

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' हा घटक असला, तरी प्रत्यक्ष कामात उपदेशाला गौण स्थान असते. विद्यार्थ्याला आपली अडचण नेमक्या शब्दांत मांडता यावी, तिच्याकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहता यावे आणि निर्णय त्याचा त्याला घेता यावा, यासाठी मदत करणे हा समुपदेशनाचा हेतू असतो.

शैक्षणिक व्यवहारात हा शब्द आणखी दोन अर्थांनी वापरला जातो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतील जागावाटपाच्या फेऱ्यांना 'काउन्सेलिंग' म्हणतात. तसेच हजेरी कमी असलेल्या किंवा बेशिस्त वागणाऱ्या विद्यार्थ्याला दिलेल्या समजेलाही 'समुपदेशन' म्हटले जाते. या दोन्ही अर्थांचा प्रस्तुत कामाशी संबंध नाही. समज देण्याच्या अर्थामुळे मात्र समुपदेशकाकडे पाठवले जाणे ही एक प्रकारची शिक्षा आहे, असा गैरसमज विद्यार्थ्यांत निर्माण होऊ शकतो.

इतिहास

पाश्चात्त्य देश

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ स्ट्यूअर्ट पेटन यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा सुरू झाली. विद्यापीठीय स्तरावरील अशा सेवेचा हा आरंभ मानला जातो. याच सुमारास फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र स्थापन केले होते. विद्यार्थी समुपदेशनात हे दोन्ही प्रवाह, म्हणजे मानसिक आरोग्य आणि व्यवसाय मार्गदर्शन, पुढे एकत्र आले.

१९३० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात ई. जी. विल्यमसन यांनी चाचण्या, निदान आणि तज्ज्ञाचे मार्गदर्शन यांवर आधारलेली पद्धत विकसित केली. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून वेगळी भूमिका मांडली. सल्ला देणाऱ्या तज्ज्ञापेक्षा साहाय्य घेणारी व्यक्ती केंद्रस्थानी असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४५ पासून शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात त्यांनी हे काम पुढे नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणासाठी परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकन विद्यापीठांत अशा केंद्रांची संख्या वाढली.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईत १९४० च्या दशकापासून व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रे निघाली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन व समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग असल्याची भूमिका घेतली. तरीही दीर्घकाळ महाविद्यालयांतील हे काम अभ्यासक्रमाची निवड आणि नोकरीविषयक माहिती यांपुरतेच राहिले. अनेक ठिकाणी ते मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे अतिरिक्त जबाबदारी म्हणून सोपवले जाई.

महाराष्ट्रात मानसिक आरोग्याविषयीची जाणीव वाढवण्यात विद्यापीठांबाहेरील प्रयत्नांचाही वाटा आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाणे येथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन केली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा सुरू केली.

पात्रता

समुपदेशकाकडे सामान्यतः मानसशास्त्र, समुपदेशन मानसशास्त्र किंवा समाजकार्य या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि पर्यवेक्षणाखाली केलेल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव असणे अपेक्षित असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. ही परिषद १९९२ च्या अधिनियमाखाली कार्य करते. 'समुपदेशक' या पदनामावर मात्र दीर्घकाळ असे नियंत्रण नव्हते. त्यामुळे अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या व्यक्तीही हे पदनाम वापरताना आढळतात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने वर्तनविषयक आरोग्यसेवेतील काही व्यवसायांचा आपल्या कक्षेत समावेश केला आहे.

विद्यार्थ्यांच्या अडचणी

विद्यापीठात प्रवेश घेण्याचे वय आणि अनेक मानसिक आजारांची पहिली लक्षणे दिसू लागण्याचे वय बरेचसे एकच असते. तथापि समुपदेशकाकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी आजारी नसतो. घर सोडून वसतिगृहात राहणे, मैत्री किंवा प्रेमसंबंध तुटणे, 'एटीकेटी' लागून मागे राहणे, प्लेसमेंटमध्ये निवड न होणे, संशोधन मार्गदर्शकाशी न जुळणे, लैंगिक ओळखीविषयीची घुसमट आणि घरची आर्थिक ओढाताण ही येण्याची नेहमीची कारणे असतात.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासक्रमात आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषेचा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे येतो. शाळेत पहिला येणारा मुलगा वर्गात शंका विचारण्याचे टाळू लागतो आणि आपली बुद्धीच कमी आहे, अशी त्याची समजूत होते. कुटुंबातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांना आपली अडचण घरी समजावून सांगणेही कठीण जाते. शेतावर राबणाऱ्या आईवडिलांना 'मन लागत नाही' हे कारण कसे सांगावे, असा संकोच त्यांना असतो.

मानसिक त्रास सांगताना विद्यार्थी 'नैराश्य' किंवा 'चिंताविकार' असे शब्द क्वचितच वापरतात. 'टेन्शन आलंय', 'डोकं जड झालंय', 'झोप लागत नाही', 'जेवण जात नाही' अशा शब्दांत किंवा अंगदुखी व छातीतील धडधड यांसारख्या शारीरिक तक्रारींतून तो व्यक्त होतो. कित्येकदा विद्यार्थी प्रथम अभ्यासाचे वेळापत्रक करून घेण्यासाठी येतो आणि मूळ गोष्ट दुसऱ्या वा तिसऱ्या भेटीत सांगतो. म्हणून बोलली गेलेली अडचण हीच खरी अडचण आहे, असे पहिल्या भेटीत गृहीत धरले जात नाही.

कार्यपद्धती

समुपदेशनाचे एक सत्र साधारणतः ४५ ते ५० मिनिटांचे असते. पहिल्या भेटीत गोपनीयतेचे नियम व तिचे अपवाद सांगून विद्यार्थ्याची संमती घेतली जाते. त्यानंतर झोप, भूक, अभ्यास, व्यसने, पूर्वीचे आजार, घरची परिस्थिती आणि आधार देणाऱ्या व्यक्ती यांची माहिती घेतली जाते. नैराश्याची तीव्रता पाहण्यासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची आणि चिंतेसाठी 'जीएडी-७' ही सात प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. अशा प्रश्नावल्या प्राथमिक चाळणीसाठी असतात. केवळ त्यांतील गुणांवरून निदान केले जात नाही.

पुढील सत्रांत व्यक्तिकेंद्री पद्धत, बोधात्मक वर्तनोपचार, विवेकनिष्ठ पद्धत आणि समस्या सोडवण्याचे प्रशिक्षण यांचा आवश्यकतेनुसार उपयोग केला जातो. विद्यापीठाच्या सत्रांचे आणि परीक्षांचे वेळापत्रक आखीव असल्यामुळे दीर्घकालीन उपचारांपेक्षा मोजक्या भेटींवर भर असतो. तीव्र नैराश्य, भ्रम, भास, आहारविकार किंवा व्यसनाधीनता आढळल्यास विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. केवळ चिठ्ठी देऊन काम संपत नाही. विद्यार्थी तेथे पोहोचला की नाही, औषधे परवडतात की नाही आणि ती मध्येच सोडली तर नाहीत ना, याची विचारपूसही समुपदेशक करतो.

आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे समुपदेशक स्पष्ट शब्दांत विचारतो. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज संशोधनातून खरा ठरलेला नाही. धोका आढळल्यास विद्यार्थ्यासमवेत सुरक्षा आराखडा तयार केला जातो. संकट जवळ आल्याची चिन्हे, मन वळवण्याचे उपाय, ज्यांच्याजवळ बसता येईल अशी माणसे, संपर्काचे क्रमांक आणि धोकादायक वस्तू दूर ठेवण्याची व्यवस्था यांचा त्यात समावेश असतो. धोका तातडीचा असल्यास विद्यार्थ्याला एकटे सोडले जात नाही.

प्रत्यक्ष भेटींशिवाय शिक्षक, वसतिगृहाचे कर्मचारी व विद्यार्थी प्रतिनिधी यांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण देणे हाही कामाचा भाग असतो. एखाद्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या खोलीतील सोबती, वर्गमित्र आणि शिक्षक यांना भेटून आधार दिला जातो.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

प्राचार्य, विभागप्रमुख किंवा पालक यांना विद्यार्थ्याच्या संमतीवाचून माहिती न देणे हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे. समुपदेशनाच्या नोंदी शैक्षणिक कागदपत्रांपासून वेगळ्या आणि कुलूपबंद ठेवणे अपेक्षित असते. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याने सज्ञान असतो. पालक शुल्क भरत असले, तरी त्यामुळे त्यांना या नोंदींवर हक्क मिळत नाही. भारतीय कुटुंबव्यवस्थेत पालकांचा सहभाग अनेकदा उपयुक्त ठरतो. म्हणून काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे विद्यार्थ्याशी बोलून ठरवण्याची पद्धत आहे.

जिवाला तातडीचा धोका, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याची शक्यता आणि न्यायालयाचा आदेश हे गोपनीयतेचे मान्य अपवाद आहेत. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या 'पॉक्सो' अधिनियमानुसार त्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे.

या संदर्भात अमेरिकेतील टारासॉफ खटला प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्याच मानसशास्त्रज्ञाजवळ एका तरुणीला ठार मारण्याचा इरादा बोलून दाखवला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी चौकशी करून विद्यार्थ्याला सोडून दिले. तरुणीला मात्र कोणीही सावध केले नाही आणि पुढे तिची हत्या झाली. संभाव्य बळीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला.

भारतातील कायदेशीर चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत नवागत विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही उच्च शिक्षणसंस्थांत ताणतणाव हाताळण्यासाठी समुपदेशन व्यवस्था असावी, असे म्हटले आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क नमूद केला आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ ला समांतर तरतूद ठेवलेली नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. या आकड्यात शाळा व महाविद्यालये या दोन्ही स्तरांवरील विद्यार्थ्यांचा समावेश होतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवायची आहे. या सूचना खासगी शिकवणीवर्गांनाही लागू आहेत.

अडचणी व टीका

अमेरिकेतील समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा, अशी शिफारस करते. भारतात अनेक ठिकाणी एकाच व्यक्तीवर याहून कितीतरी मोठ्या विद्यार्थीसंख्येची जबाबदारी असते. नेमणूक अंशकालीन किंवा कंत्राटी असल्यास समुपदेशक बदलला, की विद्यार्थ्याला आपली हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते आणि पुष्कळ विद्यार्थी ती पुन्हा सांगत नाहीत. कंत्राटाचे नूतनीकरण संस्थाप्रमुखाच्या हाती असल्यास त्याने मागितलेली माहिती नाकारणेही समुपदेशकाला अवघड जाते.

खोलीची जागा ही वरवर किरकोळ वाटणारी बाबही महत्त्वाची ठरते. समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या कार्यालयाला लागून असेल किंवा त्याबाहेरील बाक सर्वांच्या नजरेत येत असेल, तर विद्यार्थी तेथे बसण्याचे टाळतात. 'वेड्यांचा डॉक्टर' ही जुनी समजूत आणि प्लेसमेंटच्या वेळी ही गोष्ट आड येईल, ही भीतीही त्यांना मागे खेचते.

संस्थात्मक अन्यायाला व्यक्तिगत दुबळेपणाचे रूप दिले जाते, ही समुपदेशनावरील एक प्रमुख टीका आहे. रखडलेली शिष्यवृत्ती, जातीवरून होणारी अवहेलना किंवा मार्गदर्शकाची मनमानी यांवर श्वसनाचे व्यायाम हा उपाय होऊ शकत नाही. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाची नोंद केली होती. समुपदेशकाने वारंवार समोर येणाऱ्या तक्रारी, कोणाचीही ओळख उघड न करता, प्रशासनापुढे मांडाव्यात, असे या टीकेतून सुचवले जाते.

सातत्याने इतरांची दुःखे ऐकल्यामुळे समुपदेशकांनाही भावनिक थकवा येतो. ज्येष्ठ सहकाऱ्याचे नियमित पर्यवेक्षण, भेटींच्या संख्येवर मर्यादा आणि हक्काची रजा हे त्यावरील मान्य उपाय आहेत. जेथे समुपदेशक एकटाच असतो, तेथे पर्यवेक्षणाची सोय त्याला स्वतःच्या खर्चाने बाहेर शोधावी लागते.