वारणेची तार

'डिजिटल दरी' हा शब्द कानावर पडला की मला वारणानगर आठवतं. आणि वारणानगर सांगायचं तर आधी तोडचिठ्ठी सांगायला हवी. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी.

ऊस तयार झाला म्हणून शेतकऱ्याला मनाला येईल तेव्हा तो तोडता येत नाही. कारखान्याकडे उसाची नोंद असते, लागणीच्या तारखेप्रमाणे क्रम लागतो, आणि क्रम आला की तोडीची चिठ्ठी मिळते. मग टोळी येते, ऊस काट्यावर जातो, वजनाची पावती मिळते, आणि पुढे यथावकाश बिल. चिठ्ठी लांबली, उसाला तुरा आला, की वजन घटतं. म्हणजे वर्षाची कमाई एका चिटोऱ्यावर टांगलेली. ती कधी येणार एवढं विचारायला माणसं दिवस मोडून गट ऑफिसात खेटे घालत. साहेब जागेवर नसले की उद्या परत.

१९९८ साली पंतप्रधानांच्या पुढाकाराने माहिती तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कृती गट नेमला गेला. त्यातून 'वायर्ड व्हिलेज' म्हणून जी योजना निघाली ती आमच्या वारणेच्या खोऱ्यात आली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं. जागा विचार करूनच निवडली असावी. तात्यासाहेब कोऱ्यांनी तिथे कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा-कॉलेजं असं सगळं सहकारातून उभं केलेलं. मुलांचा वाद्यवृंदसुद्धा! नवी गोष्ट रुजायची तर अशा मातीतच, असं वाटणं स्वाभाविक होतं.

त्या वेळी आंतरजाल म्हणजे काय भावाला होतं, ते आज सांगून खरं वाटणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते जनतेला खुलं केलं, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. चित्रंबित्रं दिसतील अशी जोडणी खासगी माणसाला अडीचशे तासांसाठी पंधरा हजार रुपयांना. तासाला साठ रुपये, फोनचं बिल निराळं. त्यानंतर तीन वर्षांनी खेड्यातल्या शेतकऱ्याला संगणकासमोर उभं करायचं कुणाच्या मनात आलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. वरातीमागून घोडं नाचवणाऱ्या आपल्या सरकारी कारभारात हे घोडं एकदा वरातीपुढे निघालं होतं.

चोपन्न केंद्रं उभी राहिली. तिथे बाजारभाव कळतील, सातबारा मिळेल, नोकऱ्यांची माहिती, आरोग्याचा सल्ला, मुलांना शिक्षण, सगळं मिळेल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात संगणक मुख्यतः एकाच कामाला लागला : उसाची नोंद, तोडचिठ्ठी, वजन, खताची उचल. बाकीच्या गोष्टी कागदावर राहिल्या.

याला लोक अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. खेटे वाचले ही लहान गोष्ट नाही. पण खेड्यात बसलेला शेतकरी जगाशी जोडला गेला, असं जे वर्तमानपत्रांतून छापून येत होतं, तेही खरं नव्हतं. तो कारखान्याशीच जोडला गेला होता, फक्त जरा जवळून.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेतले तिघे, राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो टोयामा, वारणेत येऊन हे सगळं तपासून गेले. संगणक नेमके कशाला वापरले जातात ते त्यांनी पाहिलं. शेतकऱ्याला हवे असतात दोन-चार आकडे : किती टन गेला, किती खत उचललं, चिठ्ठी कधी. एवढ्यासाठी वीज, दुरुस्ती, चालवायला माणूस, असा सगळा बारदाना कशाला? त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवून पाहिला. एसएमएसने विचारायचं, एसएमएसनेच उत्तर. काम तेच झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त पसंत पडलं. २००९ साली त्यांचा निबंध आला, त्याचं नावच 'वारणा अनवायर्ड'. जी तार टाकायला एवढा गाजावाजा, ती काढूनच काम सोपं झालं!

हा निबंध मला पटला, आणि तरी कुठेतरी खुपला. कारण त्यातून सोयीचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात : खेड्याला काय, एसएमएस पुरे. गरज किती ते आपण ठरवायचं आणि तेवढंच वाढायचं! वारणेत गरज थोडी दिसली, कारण तोवर विचारलेच होते तेवढे प्रश्न, आणि तेही खातेदाराचे. केंद्रावर खातेदार जाणार, म्हणजे बहुतेक घरचा कर्ता पुरुष. त्याच्या बायकोला, पोरीला काय विचारायचं होतं, ते त्या आकड्यांत कुठून येणार?

बाकी सरकारी तारांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. २००४च्या धोरणाने २०१०पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्या ठरवल्या, झाल्या निम्म्याच्या आसपास. २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना दोन वर्षांत फायबर द्यायचं ठरलं. त्यातल्या पहिल्या लाखाला डिसेंबर २०१७ उजाडला. खेड्यात इंटरनेट खरं आलं ते २०१६ नंतर, जिओच्या दरयुद्धातून, हातातल्या फोनवर. असो.

पण स्वस्त झालं म्हणजे घरोघरी पोचलं असं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या आकड्यांत इंटरनेटची सोय असलेली ग्रामीण घरं शंभरात पंधरा, संगणक असलेली पाचसुद्धा नाहीत. आणि २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका शंभरात तेहतीस, पुरुष सत्तावन्न. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा देश या स्थितीत होता.

मी नोकरीत असताना दर पालकसभेत बजावून सांगत असे, पोरांच्या हातात मोबाइल देऊ नका. २०२०च्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. चार एकर ऊस, मुलगी नववीत. म्हणाला, "सर, तुमचं ऐकून तिला कधी फोनला हात लावू दिला नाही. आता शाळाच फोनवर भरतीय." घरात फोन एकच. तो सकाळी याच्या खिशातून रानात जायचा, कारण तोडीचा निरोप, ट्रॅक्टरवाल्याचा फोन, सगळं त्याच्यावरच. तो संध्याकाळी घरी आला की जेवणं उरकून पोरगी नऊला अभ्यासाला बसायची. तोवर दिवसाचा डेटा बापाच्या व्हिडिओंत संपलेला असायचा.

मी त्याला म्हटलं, दुसरा फोन घे. तो म्हणाला, "घेतो की. बिल जमा होऊ दे."