काबोचा कडा

दोनापावलजवळच्या काबोच्या टोकावर १५४०च्या सुमारास पोर्तुगीजांनी तटबंदी आणि प्रार्थनामंदिर उभारले. पुढे तिथेच फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आला. त्याच वास्तूत नंतर गव्हर्नर राहू लागले आणि १९६१नंतर ती राजभवन झाली. या सातत्याचे श्रेय सहसा मालकांच्या वैभवाला दिले जाते. मला ते जागेचे वाटते. एका बाजूला मांडवीचे मुख, दुसऱ्या बाजूला झुआरीचे. आत येणारे प्रत्येक गलबत या कड्यावरून दिसे. नेपोलियनच्या युद्धकाळात इंग्रजांनी गोव्यात फौज ठेवली, तेव्हा तिचा तळ इथेही पडला. त्या काळातील इंग्रजांचे कबरस्तान आजही दोनापावलला आहे.

यावर कोणी म्हणेल, १८३५मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ आयताच रिकामा मिळाला, यात कड्याची थोरवी कसली? पण त्याच हुकमाने जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा प्रचंड मठही रिकामा झाला होता. काबोपेक्षा तो कितीतरी भव्य! तरी त्याला कोणी वाली मिळाला नाही. १८४२मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१मध्ये मनोऱ्याचा अर्धा भागही ढासळला. साथींनी ओस पडलेल्या शहरात राहायला कोण जाणार? काबोला मात्र मोकळा समुद्रवारा होता आणि नवी राजधानी पणजीही जवळच होती.